कोळसा दोन, गॅस एक

भाचा बोटीवर राहतो हे माझी बहीण नातेवाइकांत सांगत नाही. "लंडनच्या बाहेर असतो," एवढ्यावर विषय संपवते. खोटं नाहीच ते. फक्त बाहेर म्हणजे नेमकं कुठे, ते दर पंधरवड्याला बदलतं. इंग्लंडच्या कालव्यांवर कायमची जागा न घेता राहणाऱ्यांनी एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, असा १९९५ चा कायदा आहे. त्यामुळे पत्ता विचारला की हा पुलाचा नंबर सांगतो.

ऑक्टोबरच्या शेवटी त्याच्याकडे दहा दिवस राहून आले. बोट म्हणजे नॅरोबोट: रुंदी ६ फूट १० इंच, लांबी ५७ फूट. रुंदी एवढीच, कारण वाटेतली लॉक्स, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या दारांच्या खोल्या, जेमतेम सात फुटांची. बोळात राहायचं आणि तो बोळच चालवत न्यायचा, असा प्रकार. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, पण प्रत्यक्षात ३ च्या वर कोणी जात नाही. काठाने कुत्रा फिरवायला निघालेल्या आजीबाई आम्हाला हात करून पुढे निघून जायच्या.

पहिल्या सकाळी मी घरच्यासारखा नळ सोडून भांडी घासायला घेतली. मागून आवाज आला, "मावशी, नळ!"

मी पुण्याची. पाण्यावरून मला कोणी बोलावं हे मनाला लागलंच. पण पुण्यात पाणी जातं तसं परत येतं. इथे ते फक्त जातं, आणि आणायला आपण जायचं. पुढच्या तोंडाशी पाचशे-साडेपाचशे लिटरची टाकी असते. ती भरलेली असली की बोटीचं नाक खाली असतं, रिकामी होत गेली की नाक वर येतं. भाचा सकाळी काठावर उभा राहून बोटीच्या नाकाकडे बघतो आणि म्हणतो, "परवापर्यंत जाईल." डिझेलच्या टाकीत एक लाकडी पट्टी बुडवून बघायची, तिच्यावर पेनाने खुणा केलेल्या आहेत. गॅसची टाकी उचलून बघायची. कोळशाची पोती छपरावरच असतात, ती मोजायची. संडासाची डबी किती भरली ते, असो, कळतं.

म्हणजे दिवसभर एकच प्रश्न: किती उरलंय? आणि त्याला जोडून दुसरा: पुढे कुठे मिळेल? नकाशात नळ, डिझेल आणि दुकानं यांच्या खुणा असतात, आणि दोन खुणांमधलं अंतर मैलांत मोजून भागत नाही. एक लॉक म्हणजे साधारण पंधरा मिनिटं धरायची. लॉकचं दार उघडा, बोट आत घ्या, दार लावा, विंडलास नावाच्या हँडलने झडपा फिरवून पाणी सोडा, पाणी समपातळीला येईपर्यंत उभे राहा. तीन मैलांवर दुकान आहे म्हटल्यावर मी पिशवी काढली, तर मध्ये नऊ लॉक्स होती. दुकान दुपारनंतर आलं.

पाण्याचे नळ कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टचे. २०१२ साली सरकारी महामंडळाकडून या ट्रस्टकडे सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग आले. त्यांची एक किल्ली सगळ्या बोटवाल्यांकडे असते. किल्लीला बुचाचा गोळा अडकवलेला, पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून. नळाची धार कधी कधी इतकी बारीक की टाकी भरायला दीड तास. मागे दुसरी बोट येऊन थांबली की मला उगाच अपराधी वाटायचं, चाळीतल्या नळावर आपली बादली जरा जास्तच मोठी आहे तसं. पण इथे कोणी भांडत नाही. मागचा माणूस चहा करून आणतो आणि गप्पा सुरू होतात. पहिली पाच मिनिटं हवापाणी, मग हमखास संडासावर. कोणाचा डबीचा, कोणाचा मोठ्या टाकीचा, रिकामा करायला कुठे बरं पडतं, कुठे तुंबलंय. पांढरपेशा, सुशिक्षित, मोजून बोलणारी इंग्रज माणसं या विषयावर जी खुलतात, ती पाहून मी चकित झाले. सहाव्या दिवशी मीही एक मत दिलं.

आम्ही नॅप्टनहून बॅनबरीकडे चाललो होतो, ऑक्सफर्ड कालव्याने. नॅप्टनच्या टेकडीवर पवनचक्की आहे आणि कालवा त्या टेकडीला अशी प्रदक्षिणा घालतो की तासभर चालून पुन्हा तीच पवनचक्की, फक्त दुसऱ्या बाजूने. लॉक्सच्या शेजारच्या कुरणात म्हशी दिसल्या. खऱ्या, काळ्या, शिंगांच्या, ओळखीच्या नजरेने बघणाऱ्या. वॉरिकशरमध्ये म्हशी! मी भाच्याला म्हटलं, अरे, दूध मिळतं का विचार, दहा दिवसांत एकदा तरी साय दिसेल. त्याने त्या मुख्यतः मांसासाठी पाळतात असं सांगितलं. मी पुढचा अर्धा मैल गप्प होते.

गावातलं दुकान टेकडी चढून. तिथे बटाटे, कांदे, दूध, पाव, अंडी मिळाली. कोथिंबीर म्हणून कुंडीतलं एक रोपटं होतं, त्याची किंमत रुपयांत केली आणि परत ठेवलं. दुकानातून बाहेर पडताना भाच्याला विचारलं, कोळसा? छपरावर एकच पोतं होतं, तेही फोडलेलं. "पुढे घेऊ," तो म्हणाला. गॅस? "एक टाकी चालू आहे, एक भरलेली आहे." डिझेल? "पुढे घेऊ."

'पुढे घेऊ' हे बोटीवर म्हणायचं नसतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं होतं. कारण मागे फिरणं हा प्रकारच नाही. कालवा तीस-पस्तीस फूट रुंद, बोट ५७ फूट लांब. वळवायची तर त्यासाठी मुद्दाम रुंद केलेल्या जागा असतात, त्या कधी कधी काही मैलांवर. चुकलं म्हणून वळलो, असं होत नाही. चुकलेलं घेऊन पुढे जायचं आणि वळायची जागा येईल तिथे पश्चात्ताप करायचा.

नॅप्टनची लॉक्स चढून गेलं की माथ्यावरचा सपाट टप्पा लागतो. ११ मैल, एकही लॉक नाही. सरळ रेषेत पाचसुद्धा भरणार नाहीत. जेम्स ब्रिंडली या इंजिनियरने हा कालवा आखला तो जमिनीच्या उंचीला धरून. टेकडी आली की वळसा, खोलगट आलं की वळसा. शक्यतो लॉक नको, बोगदा नको, भराव नको, खर्च नको. आम्ही अडीचशे वर्षांनी त्याच्या काटकसरीची शिक्षा भोगत त्या वळणांवरून चाललो होतो. दोन्ही बाजूंना मेंढ्या, मधूनच एक पूल आणि पुन्हा मेंढ्या. वाटेतल्या ज्या ठिकाणी 'पुढे घेऊ' ते घ्यायचं होतं, तिथे पाटी होती: सोमवार, मंगळवार बंद. सोमवार होता.

संध्याकाळी पावणेपाचलाच अंधार झाला. बोट काठाला बांधली, मी पिठल्याची फोडणी केली. मोहरी तडतडली, हिंग पडला, आणि शेगडीची निळी ज्योत आधी पिवळी, मग नाहीशी.

"मावशी, दोन मिनिटं," म्हणत भाचा पाना आणि बॅटरी घेऊन नाकाकडे गेला. गॅसचं कपाट बाहेर, पुढच्या टोकाला. त्याला तळाशी बाहेर उघडणारी भोकं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर बोटीत न साठता बाहेर पडावा. टाकी तांबडी, १३ किलोची, प्रोपेनची. निळी ब्यूटेनची असते, पण थंडी शून्याकडे गेली की ब्यूटेन टाकीतच बसून राहतो. बाहेर पाऊस भुरभुरत होता. प्रोपेनचे आटे उलटे असतात, नेहमीच्या सवयीने सैल करायला जावं तर आवळत जातं. हे त्याला तीन वर्षं माहीत आहे आणि दर वेळी पहिलं वळण तो चुकीचंच देतो. पाच मिनिटांनी टाकी बदलून आला. मी काडी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. मग तो जाऊन दुसरी टाकी उचलून बघून आला आणि दारातच उभा राहिला.

"हीसुद्धा रिकामीच आहे. मागच्या महिन्यात बदलून आणायची होती."

माझ्या आईने त्याला एका वाक्यात सरळ केला असता. मी फक्त "किती उरलंय?" असं कोळशाच्या पोत्याकडे बघत विचारलं. पाव पोतं.

आता गंमत अशी, की आम्ही ज्या पाण्यावर कोळशाविना बसलो होतो ते पाणी कोळशासाठीच तिथे आणलेलं आहे. कॉव्हेंट्रीकडच्या खाणींतला कोळसा ऑक्सफर्डला स्वस्तात पोचावा म्हणून हा कालवा खणला, आणि १ जानेवारी १७९० ला पहिल्या कोळशाच्या बोटी ऑक्सफर्डला लागल्या. त्याआधी १७६१ मध्ये ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरने आपल्या वर्स्लीच्या खाणीपासून मँचेस्टरकडे कालवा नेला, तेव्हा मँचेस्टरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला होता. पुढे रेल्वे आली, लॉऱ्या आल्या, १९६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि उरलासुरला धंदाही बसला. दूरवरची शेवटची नेमाची फेरी १९७० च्या ऑक्टोबरात संपली: ॲथरस्टनचा कोळसा लंडनला साउथॉलच्या जॅमच्या कारखान्यात पोचवायची. साउथॉल म्हणजे तेच, जिथे आज आपली माणसं मेथीच्या जुड्या आणायला जातात. आणि ऑक्सफर्डच्या ज्या धक्क्यावर कोळसा उतरायचा, तिथे आता नफील्ड कॉलेज उभं आहे.

भाच्याला हे सगळं तोंडपाठ आहे. टाकी बदलायचं तेवढं विसरतो.

पिठलं शेवटी कोळशाच्या स्टोव्हवर झालं. हा स्टोव्ह म्हणजे आपल्या बंबाचा गुबगुबीत इंग्रज चुलतभाऊ, लोखंडी, काचेचं दार, छपरातून बाहेर काढलेलं धुराडं. त्यात धूर न करणारा कोळसा जाळतात, अंड्याएवढे गुळगुळीत गोळे, कोळशाची भुकटी दाबून केलेले. बघताक्षणी ओळखले मी. वखारीतून आणलेल्या पोत्याच्या तळाशी जो चुरा उरायचा, त्यात शेण कालवून आजी गोळे वळायची आणि गच्चीत वाळत घालायची. तिचे हातचे ओबडधोबड, यांचे साच्यातले, एवढाच फरक. शिवाय तिला कोणी कायदा लावला नव्हता; इंग्लंडात धूर करणाऱ्या साध्या घरगुती कोळशाची पोती विकायला मे २०२१ पासून बंदी आहे. स्टोव्हच्या माथ्यावर पिठलं शिजायला तासभर लागला. झालं मात्र असं, की भाच्याने पातेलं खरवडलं. रात्री त्याने निखाऱ्यांवर चार गोळे टाकले, हवेची चकती जवळजवळ बंद केली, आणि फोनवरून कोणाला तरी निरोप धाडला.

तो निरोप होता कोळशाच्या बोटीला. हे मला माहीतच नव्हतं. कालव्यांवर अजून अशा थोड्या बोटी फिरतात, डिझेल, कोळसा, गॅस, सरपण, संडासाचं निळं औषध विकत. ठरलेल्या वाटेने ठरावीक आठवड्यांनी येतात. दुसऱ्या दिवशी दुपारी आधी आवाज आला. आमच्या इंजिनासारखा एकसुरी नाही, एकेक ठोका सुटा मोजता येईल असा, टुक, टुक, टुक. मग वळणाआडून एक जुनी लांबलचक बोट आली, मधला सगळा भाग पोत्यांनी भरलेला, सुकाणूवर एक बाई. हाताला काळं, कानात मोत्याचे डूल. तिने बोट आमच्या बोटीला अशी लावून उभी केली की मधल्या फटीत हात गेला नसता. पंचवीस किलोचं पोतं ती उशी टाकावी तसं आमच्या छपरावर टाकत होती. मी मदतीला हात पुढे केला, तेव्हा तिने प्रेमाने हसून तो बाजूला केला.

मग डिझेलची नळी. डिझेल लालभडक, सरबतासारखं. तिने भाच्याला विचारलं, वाटणी किती? तो म्हणाला, साठ-चाळीस. मला वाटलं दोघांचा काही भागीदारीचा व्यवहार आहे. नंतर कळलं, शेतीला आणि तापवण्याला जे कमी कराचं डिझेल मिळतं ते ओळखू यावं म्हणून त्यात लाल रंग घालतात. आपल्याकडे रेशनचं रॉकेल निळं करायचे, ते यासाठीच. बोटीला तेच डिझेल मिळतं, पण २००८ च्या नोव्हेंबरपासून बोट चालवायला जेवढं जाईल तेवढ्यावर पूर्ण कर भरायचा आणि ऊब करायला जेवढं जाईल तेवढ्यावर कमी. टाकी एकच, नळी एकच. मग कुठलं कशाला जाणार, हे ज्याने त्याने सांगायचं. साठ टक्के चालायला, चाळीस टक्के तापायला. माणसाच्या शब्दावर कर घेणारं खातं मी पहिल्यांदाच बघितलं. ऊबच सत्तर टक्के म्हण की, असं मी भाच्याला मराठीत सुचवून पाहिलं. त्याने ऐकलं नाही. बहिणीवर गेलाय.

तांबडी टाकी आली, रिकाम्या दोन्ही गेल्या. दुसरी भरलेली तिच्याकडे शिल्लक नव्हती. बाईने वहीत हिशेब मांडला, माझ्या हातचा चहा उभ्यानेच घेतला आणि सांगितलं, की पुढच्या फेरीला इथूनच परत येईन. तुम्ही नसलात तरी चालेल. काय हवं ते पुठ्ठ्यावर लिहून खिडकीत लावा, छपरावर ठेवून जाईन, पैसे मागाहून पाठवा. टुक, टुक करत बोट वळणाआड गेली.

भाच्याने लगेच कॉर्नफ्लेक्सचा खोका फाडला आणि जाड पेनाने इंग्रजीत लिहिलं: कोळसा २, गॅस १. खाली बरीच जागा उरली होती. तो हात धुवायला गेला तेव्हा मी पेन घेतलं आणि खाली मराठीत लिहिलं, कोथिंबीर १ जुडी.