रेवदंड्याची खेप आणि हलणारा क्लीट

पहाटे चारला उशीवर टपकन थेंब पडला. चहाच्या रंगाचा. बोट रेवदंड्याच्या खाडीत नांगरलेली, पौर्णिमेचं उधाण, आणि कुंडलिकेची ओहोटी जोरात समुद्राकडे निघालेली. नांगराच्या दोराला हिसका बसला की डोक्यावर कुरकुर व्हायची. वर जाऊन बॅटरी मारली तर पुढचा क्लीट, म्हणजे नांगराचा दोर बांधायची खुंटी, दर हिसक्याला डेकवरून किंचित उचलला जात होता.

आदल्या पहाटे मुंबईहून निघालो होतो, मी आणि मावसभाऊ. बोट २४ फुटी, जुनी, फायबरची, शिडाची. जानेवारीत सकाळी मतलई वारा मिळतो आणि दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो, म्हणून उशिरा निघू नका. खांदेरी-उंदेरीला बाहेरून वळसा घाला. चौल कडूच्या खडकावरचा मनोरा नीट ओळखल्याशिवाय खाडीकडे तोंड करू नका. जाळ्यांचे तरंगते डबे तर वाटभर, त्यामुळे एकाने पुढे नजर ठेवायचीच.

तर क्लीट. झोपेत मी पाना घेतला आणि नट आवळला. आवळतच गेला, आणि क्लीटखालचं डेक बशीसारखं खोल झालं. इथेच हात थांबायला हवा होता. आमच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड आहे. ते कुजलं की नट कितीही आवळा, लगदाच चेपतो. भावाने शहाणपणा केला: दोर डोलकाठीच्या बुंध्याला बांधला. वाटेत असं झालं तर तेवढंच करा आणि घरी या.

घरी आल्यावर चमच्याच्या दांड्याने डेक ठोकत गेलो. चांगल्या जागी टणक 'टक', क्लीटभोवती वीतभर 'थप'. बोल्ट काढले, तर डेकच्या आत राहिलेला भाग गंजाने खाल्लेला. स्टेनलेस असूनही! ओल्या लाकडात कोंडून हवा लागली नाही की तेही गंजतं.

दुरुस्तीत निम्मा वेळ वाळवण्यात जातो. वाकडी ॲलन की ड्रिलला लावून भोकातून आत फिरवली आणि लाकडाचा लगदा उकरून काढला. खालचा थर शाबूत ठेवायचा. मग आठवडाभर पंखा. ओलं असताना इपॉक्सी (दोन भाग कालवून कडक होणारं रेझिन) भरलीत तर कुज आत कोंडाल. भोकं खालून टेपने बंद करून आधी पातळ इपॉक्सी लाकडाला पाजली, मग फिलर घालून दाट केलेली भरली. आपल्या उकाड्यात ती भांड्यातच तापून धुरायला लागते, म्हणून थोडी थोडी कालवा आणि पसरट भांड्यात ठेवा. यार्डात मिळणारं पॉलिस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण जुन्या थराला इपॉक्सीइतकं धरत नाही. पैसे इथे वाचवू नका.

इपॉक्सी कडक झाल्यावर त्या भरावातूनच ८ मिमीची भोकं पाडली. आता बोल्टभोवती सगळीकडे इपॉक्सी आहे. पुढे कधी पाणी झिरपलंच तरी लाकडाला लागणार नाही. भोकाचं वरचं तोंड थोडं रुंद, उतरतं करा, म्हणजे ब्युटाइल टेपला (चिकट, रबरी पट्टी) बसायला जागा मिळते. ही टेप कधी कडक होत नाही, क्लीट पुन्हा काढायचा झाला तर सुटतो. सिलिकॉन मात्र नको. ते लवकर सुटतं आणि मागे जो तेलकट थर ठेवतं त्यावर दुसरं काही चिकटत नाही.

खाली साध्या वॉशरऐवजी सगळ्या बोल्टना मिळून एकच जाड फायबर-इपॉक्सीची पट्टी दिली. आवळताना भाऊ वर बोल्ट घट्ट धरून, मी खाली बर्थवर उताणा, नट फिरवत. बोल्ट फिरला तर टेपची सील मोडते. आमचा एक फिरलाच, तो परत काढून बसवला. टेप कडेने हळूहळू बाहेर येते, तेव्हा दिवसाआड थोडं थोडं आवळत राहा.

फेब्रुवारीच्या उधाणाला पुन्हा तिथेच नांगरलो. उशी कोरडी. आता डाव्या बाजूच्या कठड्याच्या खांबाखाली 'थप' ऐकू येतंय.