जुना कॅलिब्रेटर घेण्याआधी बॅटरीचं झाकण उघडा

कोयलीची रिफायनरी, नंदेसरीचे केमिकल कारखाने, मकरपुऱ्याची जीआयडीसी म्हणजे औद्योगिक वसाहत. बडोद्यात इन्स्ट्रुमेंटचं काम करणाऱ्यांना हातात मावणारा प्रोसेस कॅलिब्रेटर, म्हणजे ठरावीक करंट, व्होल्टेज किंवा तापमानाचा सिग्नल देऊन वा मोजून कारखान्यातली मापक उपकरणं तपासणारं यंत्र, नवा नाही. नव्याची किंमत हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरची, म्हणून नजर जुन्याकडे वळते. जुना घ्यायला काहीच हरकत नाही, पण त्यावरच्या स्टिकरवर भरवसा ठेवू नका. स्टिकरवरची तारीख कॅलिब्रेटर शेवटचा कधी तपासला एवढंच सांगते. त्यानंतर त्याचं काय झालं ते आपणच शोधायचं.

सुरुवात बॅटरीच्या कप्प्यापासून. उणे बाजूच्या स्प्रिंगच्या तळाशी पांढरी-हिरवट भुकटी दिसली तर टॉर्च मारून बघा, ती बोर्डापर्यंत गेली आहे का. स्प्रिंगपुरतीच असेल तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळू द्या. बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा (ट्रेस) काळ्या पडून हिरव्या झाल्या असतील तर सौदा सोडा. बॅटरीतून गळलेला अल्कलीचा ओलावा सोल्डर मास्कखाली, म्हणजे बोर्डावरच्या रंगीत थराखाली, पसरत राहतो आणि वरून साफ केलेला बोर्ड काही महिन्यांनी पुन्हा बंद पडतो.

दुकानातच करता येण्यासारख्या दोन चाचण्या आहेत. सोबत तांब्याच्या तारेचा तुकडा आणि मल्टिमीटर ठेवा. मोजण्याच्या मोडमध्ये के-टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडातून तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा एक प्रकार) निवडून दोन्ही टर्मिनल तारेने शॉर्ट करा. डिस्प्लेवर टर्मिनलचं तापमान, म्हणजे साधारण खोलीचं तापमान यायला हवं. शून्य किंवा भलतंच काही आलं तर टर्मिनलचं तापमान मोजणारा आतला कोल्ड जंक्शन सेन्सर गेलेला आहे, किंवा ते तापमान हिशोबात धरणारं कॉम्पेन्सेशन मेनूतून बंद केलेलं आहे. दुसरी चाचणी मिलीअँपची: सोर्स मोडमध्ये, म्हणजे कॅलिब्रेटर स्वतः करंट देतो त्या मोडमध्ये, १२ मिलीअँप लावा आणि मल्टिमीटरवर बघा. काहीच आलं नाही तर लगेच नाकारू नका. सिम्युलेट मोड बाहेरून येणारा करंट फक्त आवरतो, त्याला बाहेरून २४ व्होल्ट लागतात, आणि पुष्कळदा मोडच चुकीचा लागलेला असतो. मोड बरोबर असेल तर फ्यूज तपासा. बदलताना मूळ रेटिंगचाच घाला.

घरी आणल्यावर आत लिथियमचा छोटा सेल आहे का ते पाहा. काही जुन्या मॉडेलांत कॅलिब्रेशनचे आकडे याच सेलवर टिकणाऱ्या रॅममध्ये असतात. सेल काढला तरी यंत्र चालू होतं, पण आकडे गेलेले असतात. ३ व्होल्टचा सेल २.७ पर्यंत उतरला असेल तर आधी बाहेरून ३ व्होल्टचा पुरवठा समांतर जोडा, ध्रुव दोनदा तपासा, मगच जुना सेल सोडवा. निकेल-कॅडमियमच्या पॅकऐवजी निकेल-मेटल हायड्राइड घालत असाल तर आधी चार्जर कसा थांबतो ते समजून घ्या. व्होल्टेज किंचित उतरलं की थांबणारा चार्जर नव्या सेलमधला बारीक उतार चुकवतो आणि पॅक तापतो.

आता अचूकता. १ किलोओहमचे ०.१ टक्क्याचे चार रेझिस्टर समांतर जोडले की २५० ओहम होतात. २० मिलीअँपला एकूण ०.१ वॉट उष्णता चौघांत वाटली जाते, त्यामुळे किंमत सरकत नाही. पण ०.१ टक्का म्हणजे ०.०२ टक्क्याच्या कॅलिब्रेटरपेक्षा पाचपट ढिला. म्हणून जोडणीचा रेझिस्टन्स आधी चार तारांनी मोजून लिहून ठेवा. मग कॅलिब्रेटरचा करंट या जोडणीतून सोडून तिच्यावरचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा: ४, ८, १२, १६ आणि २० मिलीअँपला साधारण १, २, ३, ४, ५ व्होल्ट दिसतील. सगळीकडे सारखाच फरक असेल तर तो शून्याचा दोष, आकड्याबरोबर वाढत गेला तर स्पॅनचा, म्हणजे मापाच्या पट्ट्याचा. निदान तीन वेगवेगळ्या दिवशी मोजल्याशिवाय एकाही ट्रिमपॉटला (आतल्या जुळवणीच्या स्क्रूला) हात लावू नका. कॅलिब्रेटर थोडा चुकीचा पण दरवेळी तेवढाच चुकीचा असेल तर तो वापरण्यालायक आहे. खर्च करायचाच असेल तर मकरपुऱ्यातल्या एर्डासारख्या प्रयोगशाळेकडून मल्टिमीटर तपासून घेणं जास्त उपयोगाचं, कारण त्यावरून बाकी सगळं तपासता येतं.

आरटीडीमध्ये, म्हणजे तापमानाबरोबर रेझिस्टन्स बदलणाऱ्या सेन्सरमध्ये, एक खोच आहे. आजचा पीटी-१०० हा प्लॅटिनमचा आरटीडी १०० अंशांना १३८.५१ ओहम देतो. जुन्या जपानी उपकरणांतल्या तक्त्यात तो १३९.१६ असतो. तक्ता चुकला की सुमारे १.७ अंशांचा फरक पडतो आणि दोष मात्र सेन्सरवर जातो. १९९० च्या आधीच्या तापमान मापनश्रेणीची काळजी करू नका: के-टाइपला १००० अंशांना तेव्हा ४१.२६९ आणि आता ४१.२७६ मिलीव्होल्ट, म्हणजे पाव अंशाच्या आतलाच फरक.

उन्हाळ्यात एक पथ्य पाळा. बहुतेक कॅलिब्रेटरची अचूकता २३ अधिक-उणे ५ अंशांसाठी दिलेली असते, आणि मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो. थर्मोकपल तपासायचं असेल तर थर्मासमध्ये कुटलेला बर्फ दाबून भरा, फटी भरतील इतकंच थंड पाणी घाला आणि थर्मोकपलचं टोक मध्यभागी ठेवा; तिथे शून्य अंश मिळतो. कॅलिब्रेटर, तारा आणि प्लग एकाच खोलीत, पंख्याच्या झोतापासून दूर, अर्धा तास राहू द्या. हातात धरलेल्या प्लगची ऊबसुद्धा आकडा एक-दोन अंशांनी हलवते.