रिसेलचा फ्लॅट घेताना सोसायटीचं दप्तर कसं तपासलं: माझा अनुभव

रिसेलचा फ्लॅट पाहताना विकणाऱ्याची फाइल सगळेच चाळतात. मी सुरुवात सोसायटीच्या दप्तरापासून केली, कारण फ्लॅटबरोबर आपण त्या सहकारी संस्थेचे सभासद होतो आणि तिची देणी, तिचे वाद आपल्याही वाट्याला येतात. पण दप्तर पाहण्याचा हक्क सभासदाला असतो, खरेदीदाराला नाही. म्हणून विकणाऱ्याकडूनच सेक्रेटरीला अर्ज देववला: तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं, स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल आणि थकबाकी नसल्याचा दाखला. जो हा अर्ज द्यायला टाळाटाळ करतो, त्याला टोकन देऊ नये.

सर्वाधिक वेळ शेअर सर्टिफिकेटला, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्याला दिला, तोही मागच्या बाजूला. तिथल्या तक्त्यात प्रत्येक हस्तांतराची तारीख, नव्या सभासदाचं नाव आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या असतात. बिल्डरच्या पहिल्या करारनाम्यापासूनच्या साखळीशी ही नावं एकेक करून जुळवली. मूळ मालक वारलेला असेल आणि सर्टिफिकेट नॉमिनीच्या नावावर झालं असेल, तर तिथेच थांबावं. नॉमिनेशनने सोसायटीत नाव लागतं, मालकी मिळत नाही. इतर वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर विक्री करारावर त्यांच्याही सह्या हव्यात. मूळ सर्टिफिकेट हाती नसेल तर ते कर्जापोटी बँकेत आहे का, हे विचारावं. बँकेकडून तिच्याकडच्या कागदपत्रांची यादी आणि कर्जाच्या बाकीचं पत्र घ्यावं.

ताळेबंदात सिंकिंग फंड, म्हणजे भविष्यातल्या मोठ्या कामांसाठी साठवलेला निधी बघा. देण्यांच्या बाजूला तो मोठा दिसतो, पण मालमत्तेच्या बाजूला तेवढ्या एफडी नसतील तर पैसा रोजच्या खर्चात गेलेला असतो. मग लिफ्ट बदलायची वेळ आली की वर्गणी सभासदांवर येते. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) हा निधी जमीन वगळून बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के जमा व्हायला हवा, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के.

इतिवृत्तं वाचणं कंटाळवाणं आहे, तरी ती वाचावीतच. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी सभेत मंजूर झाली, पण बिल अजून निघालेलं नाही, अशा वेळी थकबाकी नसल्याचा दाखला बिनदिक्कत मिळतो आणि पहिलं बिल नव्या मालकाला येतं. म्हणून करारात अट घातली: ताब्याच्या तारखेपूर्वी मंजूर झालेली प्रत्येक वर्गणी विकणारा भरेल.

स्ट्रक्चरल ऑडिट १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. अहवालात पार्किंगमधले खांब आणि गच्चीखालच्या स्लॅबचा शेरा आधी वाचावा.

कन्व्हेयन्स झालं आहे, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर झाली आहे, हे तोंडी ऐकून सोडू नये. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा काढून पाहावा. त्यावर सोसायटीचं नाव हवं. अजून बिल्डरचं किंवा मूळ जमीनमालकाचं नाव असेल तर पुनर्विकास अडतो, आणि मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डरने करून न दिलेलं कन्व्हेयन्स त्याच्याशिवाय मिळवण्यासाठी) जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज केलाय का, हे विचारावं लागतं. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) आणि मंजूर नकाशा सोबतच पाहावेत. फ्लॅट नकाशाशी ताडला की बंद केलेली बाल्कनी लगेच दिसते.

हस्तांतर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या सभासदाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, महाराष्ट्रात महापालिका हद्दीत कमाल २५,००० रुपये आहे. ऐच्छिक देणगीच्या नावाखाली जास्त मागितले, तर मागणी लेखी द्यायला सांगावं.