होकायंत्राची सुई

1979 च्या ऑक्टोबरमध्ये मी नववीत होतो. दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वीच्या शेवटच्या तासाला आमचे विज्ञानाचे सर वर्तमानपत्राची घडी आणि प्रयोगशाळेतली एक लाकडी पेटी घेऊन वर्गावर आले. पेटीत होकायंत्र, बॅटरीचा सेल आणि तांब्याची तार होती. होकायंत्रावर धरलेल्या तारेची टोके सेलला टेकवताच सुई थरथरून बाजूला वळली आणि तार सुटताच पुन्हा उत्तरेला येऊन स्थिरावली. वीज आणि चुंबकत्व ही एकाच बलाची दोन रूपे आहेत, हे मॅक्सवेलने एकोणिसाव्या शतकात समीकरणांत कसे बांधले ते सांगून सरांनी फळ्यावर तीन नावे लिहिली: शेल्डन ग्लाशो, अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग. त्या वर्षीचे भौतिकीचे नोबेल त्यांना जाहीर झाले होते, कारण मॅक्सवेलच्या त्या बलाशी त्यांनी आणखी एका बलाचे नाते जुळवले होते.

ते दुसरे बल म्हणजे अणुकेंद्रातले क्षीण बल. सूर्यात प्रोटॉनचे न्यूट्रॉन होते ते याच बलामुळे, आणि ते इतके क्षीण आहे म्हणूनच सूर्य अब्जावधी वर्षे सावकाश जळत राहतो. प्रकाश ताऱ्यांपासून आपल्यापर्यंत पोहोचतो, तर या बलाचा प्रभाव प्रोटॉनच्या सहस्रांशाइतक्या अंतरातच संपतो. मग ही दोन्ही एकाच कुळातली कशी? विद्युतचुंबकीय बल वाहून नेणारा कण, म्हणजे प्रकाशाचा कण फोटॉन, वस्तुमानरहित आहे, क्षीण बलाचे वाहक कण मात्र अतिशय जड आहेत, आणि सारा फरक त्या जडपणातून येतो, हे त्याचे उत्तर मला पुढे महाविद्यालयात नीट उमगले. ग्लाशो यांनी 1961 मध्ये या सिद्धांताची चौकट मांडली होती. वाहकांना वस्तुमान कसे मिळते, हे वाइनबर्ग आणि सलाम यांनी त्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतंत्रपणे दाखवले. त्यातून सूचित होणारा उदासीन प्रवाह, म्हणजे विद्युतभाराची देवाणघेवाण न होता घडणारी क्षीण आंतरक्रिया, 1973 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत आढळला. ते जड कण स्वतः मात्र पारितोषिक मिळाले तेव्हाही कुणी पाहिलेले नव्हते.

शाळेच्या स्मरणिकेत एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते: ग्लाशो आणि वाइनबर्ग न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स हायस्कूल ऑफ सायन्समध्ये एकाच वर्गात होते. झंगसारख्या पंजाबातल्या छोट्या गावात वाढलेले सलाम तर 1981 मध्ये कोलकात्याला जाऊन लाहोरातले आपले गणिताचे शिक्षक अनिलेंद्र गांगुली यांना भेटले आणि हे पदक तुमच्या शिकवण्याचे फळ आहे, अशा भावनेने ते त्यांनी गुरूंसमोर ठेवले. हा प्रसंग आठवला की आजही माझे डोळे भरून येतात.

1983 च्या जानेवारीत, मी बारावीत असताना, सर्नमध्ये क्षीण बलाच्या त्या जड वाहकांपैकी एक, डब्ल्यू कण, सापडल्याची बातमी आली. तिचे कात्रण घेऊन मी शाळेत गेलो. सरांनी ते उभ्यानेच दोनदा वाचले, ‘‘प्रोटॉनच्या ऐंशी पटींहून जड!’’ एवढेच म्हणाले, कपाटातून ती लाकडी पेटी काढली आणि कात्रणाची घडी होकायंत्राखाली जपून ठेवली.