वहिवाट

फेब्रुवारीत घराला होकार दिला आणि तासगावला फोन लावून अण्णांना सगळं रीतसर सांगितलं. दगडी, दुमजली घर. मागे सफरचंदाची चार झाडं. इंग्लंडातल्या श्रॉपशरमधलं लडलो हे बाजाराचं गाव सात मैलांवर, समोर क्ली टेकडी. घराला नंबर नाही, नुसतं नाव. त्या नावाचं 'जुनी लोहारशाळा' असं मराठी करून सांगितल्यावर अण्णा खूश झाले. मग मी अगदी शेवटी, जाता जाता सांगावं तसं सांगितलं की बागेतून एक सार्वजनिक पायवाट जाते.

"म्हणजे वहिवाट?"

"तशीच म्हणायची."

"घेऊ नकोस."

अण्णांची निम्मी हयात साडेतीन एकर द्राक्षबागेत गेली आणि उरलेली निम्मी त्या बागेत जायच्या आठ फुटी वाटेवरून चुलतभावाशी भांडण्यात. मामलेदार झाला, प्रांत झाला, दिवाणी कोर्ट झालं. वेलींच्या जाती दोनदा बदलल्या, दावा बदलला नाही. अशा माणसाला 'त्या वाटेमुळे तर घर थोडं स्वस्तात मिळतंय' हे सांगण्यात अर्थ नव्हता.

शिवाय इथली खरेदीची तऱ्हा त्यांच्या पचनी पडेना. आपल्याकडे आधी इसार, मग साठेखत, मग खरेदीखत. इंग्लंडात भाव ठरला की हात मिळवायचे आणि थांबायचं. इसार नाही, पावती नाही. वकिलांकडे करारांची अदलाबदल होऊन, साधारण दहा टक्के रक्कम भरेपर्यंत दोघांपैकी कुणीही पाय मागे घेऊ शकतो. मधेच तिसरा कुणी जास्त पैसे घेऊन आला तर विकणारा खुशाल त्याला घर देतो. या प्रकाराला 'गझम्पिंग' असा खास शब्द आहे, म्हणजे बघा किती चालतं ते! आम्हाला विकणाऱ्या आजी लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. त्यांनी तसं काही केलं नाही. तरी किल्ली हातात यायला जुलै उजाडला.

वेळ गेला कागदांत. हे घर गेल्या साठ वर्षांत विकलंच गेलं नव्हतं. घर विकलं की सरकारदरबारी नोंद करायचीच, हा नियम साऱ्या इंग्लंडभर लागू झाला तो 1990 साली. त्यामुळे आमच्या घराचा तिथे पत्ताच नव्हता. मालकीचा पुरावा म्हणजे फितीने बांधलेलं एक बोचकं. त्यातल्या सर्वांत जुन्या चर्मपत्राची वरची कड नागमोडी कापलेली. पूर्वी एकाच कातड्यावर करार दोनदा लिहून मधून वेडावाकडा कापत. उद्या कुणी खोटा कागद आणला तर कडा जुळायच्या नाहीत. अण्णांना हे फोनवर सांगितलं, तर पहिल्यांदाच म्हणाले, "हुशार लोक आहेत."

याउलट दिव्यांचं प्रकरण. घरासोबत काय काय मिळणार, याचा एक फॉर्म विकणाऱ्याने भरायचा असतो. पडद्यांचे दांडे, साबणदाणी, टॉयलेट पेपर अडकवायची खुंटी, बागेतली झुडपं, टाकीतलं उरलेलं तेल, सगळ्यापुढे खुणा. छतावरचा दिवा काढून नेलात तर जागेवर होल्डर आणि बल्ब ठेवून जा, असंही त्यात असतं. आजींनी खुंटीपुढेसुद्धा काळजीपूर्वक खूण केली होती.

पायवाट मात्र खरेदी-विक्रीच्या पलीकडची. 1949 च्या कायद्याने कौंटी कौन्सिलांना अशा वाटांचे नकाशे करायला लावले. त्या नकाशावर वाट एकदा आली की जमीन कुणाचीही असो, चालणाऱ्याचा हक्क अबाधित. इंग्लंड-वेल्समध्ये मिळून असे हक्काचे रस्ते सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहेत. त्यातले चाळीसेक मीटर आमच्या बागेत. चालण्याच्या नकाशात ते हिरव्या तुटक रेघेने दाखवलेत, आणि ती रेघ स्वयंपाकघराच्या खिडकीपासून आठ फुटांवरून जाते.

पहिल्या आठवड्यात बायको खिडकीला पडदा लावूनच पोळ्या करायची. मग तिच्या लक्षात आलं, की खिडकीपाशी येताच इथल्या प्रत्येक माणसाला आभाळात काहीतरी दिसायला लागतं. कुणी ढग बघतं, कुणी आमचं धुराडं. आत बघायचं नाही म्हणजे नाही. आपल्याकडे वाटेवरच्या घरात न डोकावता पुढे जाणं हा घरच्यांचा अपमान झाला असता. पडदा काढला.

एजंट म्हणाला होता, गाव फार शांत आहे. ऑगस्टमध्ये कोकरं आयांपासून वेगळी केली तेव्हा समोरच्या रानात मेंढ्या दोन रात्री सलग ओरडत होत्या. दर गुरुवारी चर्चमध्ये घंटांचा सराव असतो. सहा घंटा दर वेळी वेगळ्या क्रमाने वाजवायच्या, आणि असे क्रम होतात 720. ते सगळे ऐकू येतात की काय, असं वाटण्याइतका वेळ तो चालतो. पण खरी वर्दळ वाटेवरच. पावणेआठला कुत्रेवाल्या बाई, गुरुवारी टॉर्च घेतलेले घंटावाले, रविवारी काठ्या टेकत येणारे पेन्शनर. वसंतात ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कारासाठी चालणारी शाळकरी पोरं येतात. पाठीवर स्वतःएवढं ओझं, नकाशा हमखास उलटा. त्यांना आम्ही वाटही दाखवतो आणि चकलीही देतो.

तेलाचंही वाटेवरच कळलं. इथे गॅसची लाइन नाही, घर गरम करायला रॉकेल जाळायचं. एकट्याने मागवलं तर महाग पडतं. ऑक्टोबरात कुत्रेवाल्या बाई आभाळाकडे बघायचं सोडून थेट खिडकीवर टकटक करत्या झाल्या. गावातली बावीस घरं मिळून एकदमच टँकर बोलावतात, तुमचं नाव लिहू का? बायको म्हणाली, "अय्या, भिशीच की!"

पुढच्या जूनमध्ये अण्णा आले. चहा व्हायच्या आत टेप मागितला. वाट मोजली, भिंतीपासूनचं अंतर मोजलं, कागदावरची रुंदी विचारली. म्हटलं, कागदावर रुंदी लिहिलेलीच नाही. "रुंदी न लिहिता नकाशा काढलाच कसा?" त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. सकाळी निकाल दिला: पलीकडचं कुंपण वाढलंय, त्यामुळे माणसं अलीकडून चालतात, वाट दीड फूट घराकडे सरकलीय. कुंपण कुणाचं?

आमचंच.

त्यांनी कात्री घेतली. पहिल्याच हिसक्याला हाताला नेटल लागली, आपल्या खाजकुइलीची विलायती बहीण. कुत्रेवाल्या बाई थांबल्या, शेजारचं एक रुंद पान खुडून त्यांच्या मनगटावर खसाखसा चोळलं आणि मग कुंपणाकडे बोट दाखवून मान हलवली. आत घरटी होती. मी अण्णांना सांगितलं, इथे ऑगस्ट संपेपर्यंत कुंपण छाटत नाहीत.

"पाखरांचीसुद्धा वहिवाट?" म्हणत अण्णांनी कात्री ठेवली.

जुलैत ते परत गेले. एक सप्टेंबरला सकाळी सहाला फोन वाजला. तासगावात साडेदहा झाले होते. काहीतरी वाईट झालं असणार, म्हणून धडपडत उचलला.

"उडाली का पाखरं?" अण्णांनी विचारलं.