स्विफ्टच्या पुढच्या डाव्या बाजूची कट-कट: तपासणीपासून शेवटच्या नटापर्यंत

गाडी स्विफ्ट, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकप म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा). तक्रार अशी: पावसाळा संपल्यापासून पुढून डावीकडे कट-कट. ताशी १० ते २० किमी वेगात, उखडलेल्या रस्त्यावर स्पष्ट ऐकू येते. वेग वाढला की टायर आणि वाऱ्याच्या आवाजात बुडते.

नोंद १: फक्त ऐकणं

अशा आवाजावर "शॉकप गेले" असं निदान चटकन होतं आणि दोन नवे शॉकप बसवूनही कट-कट तशीच राहते. शॉकप खरंच गेला असेल तर सहसा नळीवर तेलाचा ओघळ दिसतो किंवा गतिरोधकानंतर गाडी डुलत राहते. इथे दोन्ही नव्हतं.

सगळ्यात उपयोगी चाचणी फुकटची आहे. रुंद, सरळ गतिरोधकावरून दोन्ही चाकं एकदम न्या. मग फक्त डावं चाक खड्ड्यात घाला. दोन्ही चाकं सारखीच वर-खाली झाली तर स्टॅबिलायझर बार (डावी-उजवी बाजू जोडून गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) पिळला जात नाही, त्यामुळे लिंक रॉडवर (बारचं टोक स्ट्रटला जोडणारा छोटा दांडा) जोर येत नाही. एकच चाक हललं की बार पिळतो आणि लिंकचा झिजलेला सांधा आपटतो. या गाडीत गतिरोधकावर शांतता होती, पेव्हर ब्लॉकवर मात्र एकसारखी कट-कट. संशय लिंकवर.

ब्रेक दाबताना आणि रिव्हर्समधून पुढे निघताना एकच जाड "ठक्" येत होता. तो वेगळा आवाज. लोअर आर्मच्या (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा हात) बुशकडे, म्हणजे त्याच्या रबरी सांध्याकडे बोट दाखवणारा. उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवताना बॉनेटखाली स्ट्रट माउंटच्या टोपीवर हात ठेवून पाहिलं. स्प्रिंग अडकून सुटल्याचा "टंग" नाही, झटका नाही. माउंट ठीक.

नोंद २: लिंक रॉड

इथे बऱ्याच तपासण्या फसतात. एकच चाक जॅकवर उचललं की बार पिळून राहतो, लिंकवर कायम ताण येतो आणि सांध्यातलं ढिलेपण झाकलं जातं. हातानं हलवून "लिंक घट्ट आहे" असं वाटतं. म्हणून तपासताना एकतर दोन्ही चाकं जमिनीवर हवीत (पिट किंवा रॅम्पवर), नाहीतर दोन्ही लटकलेली. गाडी दोन्ही बाजूंनी स्टँडवर घेतल्यावर डाव्या लिंकचा खालचा सांधा बोटांनी खडखडला. रबरी बूट फाटून आत चिखल गेला होता.

खात्रीसाठी दोन्ही बाजूंचे लिंक काढून सोसायटीच्या आवारातच, माणसाच्या चालण्याच्या वेगानं एक फेरी. कट-कट गायब. या अवस्थेत गाडी वळणावर जास्त झुकते, रस्त्यावर नेऊ नये.

नट सोडताना लिंकचा स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) नटाबरोबर फिरतो. स्टडच्या टोकाला षट्कोनी खाच असते. तिथे ॲलन की धरून नट पान्यानं सोडायचा. खाचेत माती भरलेली असते. ती टाचणीनं साफ न करता की घातली की खाच गोल होते आणि मग कटरशिवाय इलाज नाही. नट आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या स्प्रेनं भिजवून ठेवले होते, त्यामुळे निभावलं. लिंक जोडीनंच बदलले, नट नवे सेल्फ-लॉकिंग.

नोंद ३: लोअर आर्मचे बुश

टॉमी (लोखंडी पहार) आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म ज्याला बसतो ती खालची चौकट) मधे घालून हलकं उचकटलं. डाव्या मागच्या बुशचं रबर मधल्या नळीपासून सुटलेलं दिसलं. "ठक्" तिथलाच. बॉल जॉइंटमध्ये (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) खेळ नव्हता. चाक १२ आणि ६ च्या जागी धरून हलवलं तेव्हा काही नाही, ३ आणि ९ ला धरून टाय रॉड एंडही (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) घट्ट.

आर्म काढताना नकलमधला (चाकाचा हब धरणारा भाग) बॉल जॉइंटचा बोल्ट नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. तो स्टडच्या खाचेतून आडवा गेलेला असतो. बुश हायड्रॉलिक प्रेसवरच काढा-घाला. हातोड्यानं ठोकला तर बाहेरचं कडं वाकडं बसतं. जुन्या बुशची दिशा आर्मवर खडूनं खुणावून ठेवा, कारण पोकळ्या असलेला बुश फिरवून बसला तर ब्रेकिंगला आर्म नको तितका सरकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आर्मचे बोल्ट चाक लटकलेलं असताना फक्त हातानं लावायचे. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर, रॅम्पवर उभी असताना. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं; लटकत्या अवस्थेत आवळलं तर गाडी खाली आल्याबरोबर रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. नवा बुश लवकर फाटतो आणि दोष पार्टला दिला जातो. टॉर्क आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या.

नोंद ४: उरलेली बारीक खडखड

कट-कट आणि ठक् दोन्ही गेले, आणि त्यांच्यामागे लपलेली एक हलकी, पत्र्यासारखी खडखड ऐकू आली. पेव्हर ब्लॉकवर ब्रेक पेडलवर पाय जेमतेम टेकवला की ती थांबते, सोडला की परत. म्हणजे सस्पेन्शन नाहीच, ब्रेक कॅलिपर. डावीकडची स्लाइड पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) कोरडी होती, पॅडची एक क्लिप सैल. पिन पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर दिला, क्लिपा नव्या. साधं ग्रीस इथे वापरू नका, रबरी बूट फुगतो आणि पिन अडकते.

आता त्याच पेव्हर ब्लॉकवर खिडक्या उघड्या ठेवून दोन फेऱ्या: आवाज नाही. आर्म निघाला होता म्हणून व्हील अलाइनमेंट करायची आहे. साधारण १०० किमीनंतर चाकांचे नट आणि लिंकचे नट टॉर्क रिंचनं पुन्हा पाहायचे. उजव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशला बारीक भेगा दिसल्या आहेत, रबर अजून सुटलेलं नाही. पुढच्या सर्व्हिसला तोच पहिला.