हिवाळ्यातली गच्चीवरची बाग : कोणाला पाणी, कोणाला ताण

दिवाळी सरली की पुण्यातील गच्च्यांवर पेटुनिया, फ्लॉक्स, डायंथस यांच्या रोपांची लगबग सुरू होते आणि पुढचे तीन महिने बाग करणाऱ्याचा बहुतेक वेळ फुलांच्या कौतुकात जातो. त्या आनंदाला माझी हरकत नाही. परंतु याच काळात बागेतील निम्मी झाडे जोमाने वाढत असतात आणि उरलेली जवळजवळ थांबलेली असतात, हे लक्षात घेऊन प्रत्येक कुंडीपाशी स्वतंत्रपणे थांबणे हेच मला हिवाळ्यातील सर्वांत महत्त्वाचे काम वाटते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते, दुपारी मात्र ते ३० अंशांच्या जवळ जाते. गार मातीत मुळे पाणी सावकाश शोषतात, त्यामुळे सर्व कुंड्यांना एकाच मापाने रोज पाणी घालण्याची सवय या दिवसांत अनेक झाडांच्या मुळावर येते.

थांबलेल्या झाडांत मोगरा मला सर्वांत जवळचा आहे. उन्हाळ्यात त्याला भरभरून कळ्या याव्यात असे वाटत असेल, तर त्याची तयारी थंडीतच करावी लागते. डिसेंबरच्या मध्यापासून त्याचे पाणी हळूहळू तोडत न्यावे. पाने पिवळी पडून गळू लागली तरी घाबरू नये, कारण हा ताण त्याला हवाच असतो. जानेवारीच्या अखेरीस झाड निम्म्या उंचीवर छाटावे, वाळक्या व फार बारीक काड्या काढून टाकाव्यात, कुंडीतील वरची दोन-तीन इंच माती हलक्या हाताने काढून तिथे चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालावी, आणि मगच पाणी पुन्हा सुरू करावे. मोगऱ्याची फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणी करताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. अडेनियम आणि चाफा यांची पाने गळत असतील, तर त्यांनाही माती पूर्ण कोरडी झाल्यावरच थोडे पाणी द्यावे.

याच्या अगदी उलट वागतात शेवंती आणि वाल. या दोन्ही झाडांना फुलण्यासाठी लांब रात्र लागते. जून-जुलैत लावलेला पारंपरिक जातीचा वालाचा वेल पावसाळाभर नुसताच पसरतो आणि रात्री मोठ्या होऊ लागल्या की फुलोऱ्यावर येतो, तो यामुळेच. शेवंतीची कुंडी गच्चीवरील रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली किंवा रस्त्याच्या दिव्याच्या झोतात असेल, तर तिला कळ्या उशिरा येतात. खत बदलण्याआधी तिची जागा बदलून पाहावी, असे मी आवर्जून सुचवीन. शेवंतीवर आणि वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, हमखास येतो. प्रथम पाण्याच्या झोताने तो धुऊन काढावा आणि तरीही टिकला, तर लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचे तेल व साबणाच्या पाण्याचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे.

पालेभाज्यांसाठी या दिवसांइतका अनुकूल काळ दुसरा नाही. मेथी चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात काढणीला येते, त्यामुळे एकदम सगळी न पेरता दर आठवड्याला एकेक कुंडी किंवा क्रेट पेरत गेल्यास घरात ताजी भाजी सतत मिळते. कोथिंबिरीसाठी धणे लाटण्याने हलकेच रगडून दोन भाग करावेत, कारण प्रत्येक धण्यात दोन बिया असतात. ते रात्रभर भिजवून पेरले तरी उगवायला आठवडा-दीड आठवडा लागतो, तेवढा धीर धरावा. गाजर आणि मुळा खोल कुंडीत जागेवरच पेरावेत, रोपे उपटून दुसरीकडे लावल्यास गाजरे वेडीवाकडी होतात. भोगीच्या भाजीत पडणारे गाजर, वांगे आणि वालपापडी आपल्याच गच्चीवरची असावी, एवढ्या एका इच्छेपायी मी ऑक्टोबरपासूनच कुंड्या राखून ठेवते.

गुलाबाची मुख्य छाटणी ऑक्टोबरमध्येच आटोपलेली असते. आता सुकलेली फुले खुडणे, कलमाच्या सांध्याखालून येणारी रानफूट मुळापाशी काढणे आणि पानांवर भुरी, म्हणजे पांढरी भुकटीसारखी बुरशी, दिसते का हे पाहणे पुरेसे आहे. पाणी सकाळीच आणि मुळाशी घालावे. २६ जानेवारीच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. तिथे छायाचित्रांपेक्षा आवडलेल्या जातींची नावे वहीत टिपण्याला अधिक वेळ द्यावा, असा माझा आग्रह आहे, कारण पुढच्या वर्षी रोपवाटिकेत तीच उपयोगी पडतात.

जानेवारीत हळदीची पाने वाळली, की तिचे पाणी बंद करून काही दिवसांनी कुंडी उपडी करावी. त्यातील ठणठणीत गड्डे बियाण्यासाठी सावलीत कोरड्या मातीत ठेवावेत, उरलेल्या ओल्या हळदीचे लोणचे घालावे, आणि रिकाम्या झालेल्या मोठ्या कुंड्यांत फेब्रुवारीपासून गळणारा पालापाचोळा भरायला घ्यावा. थोडे शेण कालवलेले पाणी शिंपडून तो अधूनमधून ओला ठेवला, तर तो कुजून खत होतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्याच कुंड्यांत पुन्हा हळद लावता येते.